रिन्यूएबल डिझेल भरायला लागल्यापासून जुनी डिझेल गाडी गळते, सकाळी सुरू होत नाही: तपासणी कुठून सुरू करावी

लक्षणं आधी लिहितो. यातलं एखादं जरी तुमच्या गाडीत दिसत असेल, तर पुढचं सगळं वाचून मगच बोनेट उघडा.

• रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही. दिवसा, इंजिन गरम असताना, मात्र चावी फिरवताच सुरू होते.
• सुरू झाल्यावर पहिलं अर्धं मिनिट मिसिंग, मागून पांढुरका धूर, मग सगळं सुरळीत.
• नोझलांच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांच्या) भोवती किंवा इंजिनवरच्या डिझेल पंपाच्या माथ्यावर ओलसर थर, त्यावर धूळ बसून झालेला काळा चिकटा.
• गाडीखाली थेंब पडतात, पण डिझेलचा वास येत नाही.
• चढावर किंवा फ्रीवेवर पिकअप जातं. बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलं की परत येतं.
• डिपस्टिकवर इंजिन ऑइलची पातळी वाढलेली दिसते.

शेवटचं लक्षण बाकीच्यांहून वेगळं आहे. ते दिसलं तर गाडी सुरूच करू नका. त्याबद्दल खाली ‘इथे थांबा’ मध्ये लिहिलं आहे.

काही बदल मात्र बिघाड नाहीत, त्यांच्यामागे लागू नका. इंजिनचा खडखडाट कमी होणं, धूर कमी होणं, वास जवळजवळ नाहीसा होणं हा रिन्यूएबल डिझेलचा, म्हणजे खाद्यतेल-चरबीपासून बनवलेल्या डिझेलचा, गुणच आहे. सीटेन आकडा म्हणजे डिझेल किती चटकन पेटतं त्याचं माप. अमेरिकेत तो किमान ४० असावा लागतो. रिन्यूएबल डिझेलचा ७० च्या आसपास किंवा वर असतो, म्हणून ते लवकर आणि शांतपणे पेटतं. ते वजनाला हलकं असल्यामुळे गॅलनमागे ऊर्जा साधारण ४ टक्के कमी मिळते. तेवढं मायलेज घटलं, चढावर किंचित जास्त पाय द्यावा लागला, तर ते तसंच असणार.

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला, ईस्ट बेमध्ये राहतो आणि ओळखीच्या लोकांच्या जुन्या डिझेल गाड्या दुरुस्त करतो. हा बिघाड माझ्याकडे सारखा येतो आणि बहुतेक वेळा दोनच जातींच्या गाड्यांत येतो. एक, १९७७ ते १९८५ या काळात इथे विकलेल्या डब्ल्यू १२३ मर्सिडीज, म्हणजे २४०डी आणि ३००डी. दुसरी, फोक्सवॅगनच्या डिझेल: जुनी रॅबिट आणि २००३ पर्यंतच्या टीडीआय (टर्बो डिझेल) जेट्टा-गोल्फ. कॅलिफोर्नियात १९९७ आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांना स्मॉग चाचणी (धुराची तपासणी) लागत नाही, त्यामुळे जुन्या मर्सिडीज अजून रोजच्या वापरात आहेत. त्यातच इथून जवळच्या मार्टिनेझ आणि रोडिओ इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांनी कच्चं तेल सोडून रिन्यूएबल डिझेल बनवायला घेतलं. २०२३ च्या पहिल्या तिमाहीत तर राज्यात खपलेल्या डिझेलपैकी निम्म्याहून जास्त जागा रिन्यूएबल डिझेल आणि बायोडिझेल या दोघांनी मिळून घेतली होती. तेव्हा ‘मी ते भरतच नाही’ असं म्हणणाऱ्याच्या टाकीतही ते असू शकतं.

असं का होतं?

बदनाम इंधन होतं, पण दमलेलं असतं ते गाडीतलं रबर.

रिन्यूएबल डिझेल म्हणजे वापरलेलं खाद्यतेल, जनावरांची चरबी, सोयाबीन तेल अशा पदार्थांवर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेलं इंधन. प्रक्रियेत ऑक्सिजन निघून जातो आणि साधे पॅराफिन हायड्रोकार्बन उरतात. पेट्रोल पंपावर ते बहुधा ‘आर ९९’ म्हणून मिळतं, ९९ टक्के रिन्यूएबल आणि १ टक्का पेट्रोलियम डिझेल. तो एक टक्का इंजिनाच्या भल्यासाठी घातलेला नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारची करसवलत मिश्रणावर मिळायची, म्हणून ती पद्धत पडली.

पेट्रोलियम डिझेलमध्ये अ‍ॅरोमॅटिक्स नावाचे घटक असतात. ते जुन्या सीलांच्या नायट्राइल रबरात शिरतात आणि त्याला फुगवतात. जुन्या गाडीतली ओ-रिंग (गळती अडवणारं रबरी कडं) अशी वर्षानुवर्षं फुगलेल्या अवस्थेत आपल्या खाचेत दाबून बसलेली असते. इंजिनच्या उष्णतेने ती चपटी आणि कडक झालेली असते, पण फुगलेली असल्यामुळे जागा भरून काढते. रिन्यूएबल डिझेलमध्ये अ‍ॅरोमॅटिक्स जवळजवळ नसतातच. युरोपच्या एन १५९४० मानकात त्यांना जेमतेम १ टक्क्याची मुभा आहे. असं इंधन खेळायला लागलं की रबरात मुरलेले अ‍ॅरोमॅटिक्स बाहेर पडतात आणि रबर आकसतं. नवी ओ-रिंग लवचिक असते, ती सावरून घेते. पंपातून काढलेली जुनी ओ-रिंग मात्र हातात घेऊन बघा, प्लास्टिकच्या बांगडीसारखी कडक लागते, वाकवली की मोडते. ती काय सावरणार?

कॅलिफोर्नियाने हे एकदा पाहिलेलं आहे. ऑक्टोबर १९९३ मध्ये इथे कमी गंधकाचं आणि कमी अ‍ॅरोमॅटिक्सचं डिझेल सक्तीचं झालं, तेव्हाही जुन्या गाड्यांच्या आणि ट्रकांच्या डिझेल पंपांची सीलं गळू लागली होती. पुढे व्हायटॉनसारख्या फ्लुओरो रबराची सीलं वापरात आली. त्यांना अ‍ॅरोमॅटिक्स असले काय आणि नसले काय, फारसा फरक पडत नाही. म्हणून एखाद्या गाडीचा पंप मध्यंतरी उघडून नव्या सीलांनी बांधलेला असेल, तर ती आर ९९ वर निवांत चालते आणि शेजारची तशीच दिसणारी गाडी गळते.

आकसलेलं रबर दोन प्रकारे त्रास देतं. जिथे डिझेल दाबाखाली आहे तिथे ते बाहेर येतं. जिथे पंप टाकीतून डिझेल ओढतो तिथे थेंबही बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. आमच्याकडे म्हणतात तसं, गाडी एअर धरते. बाहेर सगळं कोरडं आणि गाडी सुरू होत नाही, हा गोंधळ यातूनच होतो. खालची तपासणी या दोन बाजू वेगळ्या काढण्यासाठीच आहे.

पैसे न लागणारी तपासणी

पेट्रोल पंपावरचं लेबल नीट वाचा. रिन्यूएबल डिझेल आणि बायोडिझेल ही वेगळी इंधनं आहेत, आणि काही पंपांवर दोन्हींचं मिश्रण मिळतं. बायोडिझेल जुन्या टाकीतला गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणून सोडतं. रिन्यूएबल डिझेल तसं करत नाही. उलट त्याची विरघळवण्याची ताकद कमी असल्यामुळे आधीच्या बायोडिझेलमधले काही मेणचट घटक थंडीत त्यात खाली बसू शकतात. त्यामुळे तक्रार गळतीची असेल तर सीलांकडे बघायचं, आणि पिकअप जाण्याची असेल तर आधी टाकीत काय-काय पडून गेलंय ते शोधायचं. गाडी जुनी घेतलेली असेल तर आधीच्या मालकाला आवर्जून विचारा. इथे एके काळी हॉटेलातलं वापरलेलं तेल गाळून या मर्सिडीज चालवायची हौस बऱ्याच जणांना होती. त्या टाक्यांच्या तळाशी काय साठलेलं असतं ते फिल्टर कापल्यावर कळतं.

टाकीचं झाकण. पिकअप गेलं की गाडी सुरक्षित जागी घ्या आणि झाकण उघडा. ‘फुस्स’ असा जोरात हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर टाकीला हवा देणारी नळी तुंबलेली आहे. टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. याचा इंधनाशी काही संबंध नाही, पण इंधन बदलल्यावर सगळं त्याच्याच माथी मारलं जातं, म्हणून हे आधी बघून घ्यायचं.

गळती डोळ्यांनी शोधा, नाकाने नाही. जुन्या डिझेलची गळती गॅरेजमध्ये पाऊल टाकताच कळायची. रिन्यूएबल डिझेल पाण्यासारखं स्वच्छ दिसतं आणि त्याला वास जवळजवळ नसतो, म्हणून गळती महिनोन्महिने लक्षातच येत नाही. रात्री इंजिनखाली कोरडा पुठ्ठा टाका. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावर खूण करा. मग थंड इंजिनवर नोझलांचा भाग आणि पंपाचा माथा ब्रेक क्लीनर मारून पुसून काढा, कोरडं होऊ द्या आणि वरून टाल्कम पावडर भुरभुरा. गाडी पाच-दहा मिनिटं जागच्या जागी चालवून बंद करा. टॉर्च घेऊन बघा. जिथून गळतं तिथे पावडर आधी ओली होऊन राखाडी होते आणि तिथून खाली ओघळ दिसतो. ओघळाच्या वरच्या टोकाला गळती असते. तळाला जमलेलं तळं बघून निष्कर्ष काढू नका. नोझलवरून आलेलं डिझेल ओघळत जाऊन पंपाखाली थेंब-थेंब पडतं आणि माणूस पंप उतरवून बसतो.

शोधताना कुठेही बोट फिरवून बघू नका. नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांत दाब शंभर बारच्या वर असतो. तिथली बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण तशी इजा झाली तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी इमर्जन्सीत जायचं.

हँड प्रायमरची परीक्षा मर्सिडीजसाठी सगळ्यात उपयोगाची. सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर, सेल्फ मारायच्या आधी पंपाला लावलेला छोटा हँड प्रायमर हाताने मारा. आत डिझेल भरून तो जड लागेपर्यंत मारत राहा. मग नेहमीसारखा हीटरचा दिवा विझू द्या आणि सेल्फ मारा. गाडी पटकन सुरू झाली, तर रात्रीत डिझेल मागे टाकीकडे उतरतंय, म्हणजे कुठून तरी एअर शिरतेय. प्रायमर मारूनही तितकाच वेळ लागला, तर डिझेल जागेवर आहे, दोष हीटर प्लगमध्ये (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगमध्ये) किंवा त्याहून खोल आहे. या एका परीक्षेने अर्धी वाट कमी होते. सीटेन जास्त असल्यामुळे या इंधनावर थंडीत गाडी खरं तर सोपी सुरू व्हायला हवी. म्हणून ‘इंधनच पेटत नाही’ हा निष्कर्ष काढूच नका.

थोड्या पैशांची तपासणी

रिटर्न पाइप. माझ्याकडे आलेल्या मर्सिडीजमध्ये सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच निघाला आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

नोझलांतून उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या या बारीक नळ्या एका नोझलवरून दुसऱ्यावर उडी मारत जातात. वर काळ्या सुताची वीण, आत पातळ रबर, आतला व्यास ३.२ मिलिमीटर. शेवटच्या नोझलला पुढे जायला जागा नसते, म्हणून तिथे बंद टोकाची टोपी असते. ती टोपी हमखास विसरली जाते. नळ्या नव्या आणि टोपी जुनी, आणि गळती तशीच, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

नळी दोन बोटांत धरून वाकवा. वीण ओली लागली, किंवा वाकवताना कागद मुडपल्यासारखी करकरली, तर ती गेली. एक गळत असेल तरी सगळ्या एकदम बदला, कारण सगळ्यांचं वय एकच. मीटरभर नळीत पाच सिलिंडरचं काम होतं आणि खर्च एका जेवणाएवढाही नाही. जुनी नळी पकडीने ओढून काढू नका. ब्लेडने तिच्यावर लांबीच्या दिशेने हलका छेद द्या आणि सोलून काढा. छेद नळीपुरताच ठेवा. नोझलच्या टोकावर ब्लेडचा ओरखडा उठला तर नवी नळीसुद्धा तिथूनच पाझरेल. नवीन टोकाला डिझेलचं बोट लावून सरळ दाबत बसवायची, पिळायची नाही. फ्लुओरो रबराची नळी मिळाली तर तीच घ्या. नेहमीची सुती वीण असलेलीही चालते, फक्त काही वर्षांनी पुन्हा बदलावी लागते.

हे काम केल्यावर पावडरची परीक्षा पुन्हा करा. दोन-तीन दिवस कोरडं राहिलं आणि सकाळी गाडी नीट सुरू झाली, तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

हीटर प्लग. प्रायमरच्या परीक्षेत एअर नाही असं ठरलं असेल तर इकडे या. मल्टिमीटर लागेल. इंजिन थंड असताना रिलेवरचा प्लग काढून प्रत्येक हीटर प्लगचा रोध मोजा. चांगला असेल तर एक ओहमच्या खाली येतो. एखादा अनंत दाखवत असेल तर तो तुटला आहे. एकच प्लग गेला की सकाळी एक सिलिंडर मागे राहतो आणि पांढुरका धूर येतो. अर्ध्या मिनिटाचं मिसिंग ते हेच. सगळेच एकदम थंड असतील तर आधी रिलेतली ८० अँपियरची पट्टी फ्यूज बघा. ती नुसती बघून सांगता येत नाही, बारीक तडा गेलेला असतो, मीटर लावा.

फिल्टर. पिकअपची तक्रार असेल तर दोन्ही फिल्टर बदला. पण जुना टाकून देण्याआधी त्यातलं डिझेल पांढऱ्या बशीत ओता आणि दिव्याखाली बघा. तळाला वेगळा थर हलताना दिसला तर पाणी आहे. काळी, बुळबुळीत, शेवाळासारखी जाळी असेल तर टाकीत पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जीवाणू-बुरशी वाढली आहे. तिथे पाणी काढणं आणि डिझेलचं जंतुनाशक दोन्ही लागतात, नुसते फिल्टर बदलत राहून उपयोग नाही. मधासारखा चिकट, पिवळसर राळेचा थर असेल तर तो जुन्या बायोडिझेलचा किंवा खाद्यतेलाचा. तांबडी भुकटी म्हणजे टाकीचा गंज. नवा मोठा फिल्टर स्वच्छ डिझेलने भरून मगच बसवा आणि बोल्टखालचं सील नवंच घाला, नाहीतर एअर शोधता शोधता तुम्हीच नवी एअर आत घालाल.

सक्शनच्या, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या, नळ्या. टाकीपाशी आणि इंजिनपाशी, लोखंडी नळीच्या दोन टोकांना रबरी नळीचे छोटे तुकडे असतात. गाडीखालचा तुकडा कुणी कधी बदललेला नसतो. मर्सिडीजचा छोटा फिल्टर पारदर्शक असतो. त्यात वर एखादा मोठा बुडबुडा स्थिर दिसला तर घाबरू नका, तो असतोच. बारीक बुडबुड्यांची ओळ सतत वाहत असेल तर मात्र त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला, हवा शिरते आहे. फोक्सवॅगनवर पंपात येणाऱ्या नळीच्या जागी पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता लावून हेच बघता येतं. परीक्षा झाली की तो काढा, कारण साधं पारदर्शक प्लास्टिक डिझेलमध्ये काही महिन्यांत कडक होतं. रबरी तुकडे बदलले, नवे क्लॅम्प लावले, की एअरच्या बऱ्याच तक्रारी संपतात.

हँड प्रायमर स्वतः. जुन्या मर्सिडीजवरचा, मूठ फिरवून उघडायचा प्रायमर आतल्या सीलातून हवाही घेतो आणि डिझेलही सोडतो. नव्या पद्धतीचा, नुसता दाबायचा प्रायमर त्याच जागी बसतो. खालचं वायसर नवीन घाला. हे पान्याचं साधं काम आहे.

बाटल्यांबद्दल एक शब्द. सील फुगवणारं औषध टाकीत घातलं, किंवा थोडं बायोडिझेल मिसळलं, तर रबर फुगतं आणि गळती काही काळ थांबते, हे खरं आहे. परत साध्या डिझेलवर गेल्यावरही कधी कधी तसंच होतं. गावाला जायचंय, सुटी संपेपर्यंत दिवस काढायचेत, तर ठीक. पण कडक झालेलं रबर त्याने मऊ होत नाही, आणि दर टाकीला इंधन बदलून रबराला फुगवत-आकसवत राहणं मला मुळीच पसंत नाही. वंगणासाठी वेगळी बाटली घालायचीही गरज नाही. पंपावर विकलं जाणारं रिन्यूएबल डिझेल अमेरिकेच्या डी ९७५ मानकात बसावं लागतं आणि वंगणाचं मिश्रक त्यात आधीच घातलेलं असतं.

कठीण काम

पावडर पंपाच्या माथ्यावरच, लोखंडी नळ्या जिथे पंपात शिरतात तिथे, ओली होत असेल तर मर्सिडीजमध्ये तो डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या सीलांचा दोष असतो. प्रत्येक सिलिंडरला एक ओ-रिंग आणि एक तांब्याचं वायसर. भाग स्वस्त आहेत, पण त्यासाठी दातेरी खास सॉकेट लागतो, टॉर्क पाना लागतो, आणि पुस्तकात दिल्याप्रमाणे कसणं-सैल करणं-पुन्हा कसणं त्याच क्रमाने करावं लागतं. धुळीचा एक कण आत गेला किंवा एक व्हॉल्व्ह कमी-जास्त कसला, तर इंजिन एका सिलिंडरवर लंगडं चालायला लागतं. हाताशी टॉर्क पाना आणि पुस्तक नसेल, तर हे काम हातात घेऊ नका.

फोक्सवॅगनचा पंप वेगळा. त्यात मागच्या डोक्याची मोठी ओ-रिंग, वरच्या झाकणाचं पॅकिंग आणि रॅबिटवर अ‍ॅक्सिलरेटरच्या दांड्याची छोटी ओ-रिंग, अशा जागा गळतात. झाकणाचं पॅकिंग जमण्यासारखं आहे, पण टीडीआयवर त्याआधी झाकणाच्या जागेवर खूण करावी लागते, कारण झाकण केसभर सरकलं तरी डिझेलचं प्रमाण बदलतं. डोक्याची ओ-रिंग पंप न उतरवता बदलणारे लोक आहेत. मी ते काम डिझेल पंपवाल्याकडेच, म्हणजे इंजिनाचे पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानातच, देतो. आतला प्लंजर आणि त्याच्या चकत्या जागेवरून हलल्या तर पंप पूर्ण उघडावा लागतो.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. या मर्सिडीजच्या पंपाला वंगण इंजिन ऑइलचं मिळतं. फोक्सवॅगनच्या पंपाला फक्त त्यातून वाहणाऱ्या डिझेलचं मिळतं. त्यामुळे फोक्सवॅगनमध्ये एअर धरलेली असताना मिनिटामिनिटांचा सेल्फ मारत राहिलात तर पंप कोरडा घासला जातो. थोडा सेल्फ, मग विश्रांती, आणि आधी पंपात डिझेल भरून घेणं.

इथे थांबा

ऑइलची पातळी वाढली असेल तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतंय. रिन्यूएबल डिझेलला वास नसल्यामुळे डिपस्टिक हुंगून ते कळणार नाही. पातळीवरच लक्ष ठेवावं लागतं, म्हणून आर ९९ भरणाऱ्यांनी ती दर आठवड्याला बघावी असं मी सांगतो. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि जास्त वाढलं तर इंजिन तेच इंधन म्हणून ओढायला लागू शकतं. अशी गाडी चालवत नेऊ नका, टो करून डिझेल पंपवाल्याकडे न्या.

गळणारं डिझेल टर्बोवर, एक्झॉस्टवर किंवा सेल्फच्या वायरांवर पडत असेल तर गाडी तिथेच उभी करा. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, पण तापलेल्या लोखंडावर पेटतं.

गाडी कॉमन रेल असेल, उदाहरणार्थ २००५-०६ ची ई ३२० सीडीआय, तर दाबाच्या नळ्यांना हातच लावू नका. तिथे दाब हजार बारच्या वर जातो. बाहेरून बघा, फोटो काढा आणि जाणकाराकडे द्या.

टाकी उतरवून धुण्याची वेळ आली, किंवा सगळं बदलूनही सकाळचा त्रास तसाच राहिला, तरी थांबा. दुसऱ्या प्रकारात काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्यायला हवं, आणि डिझेलच्या काँप्रेशनसाठी पेट्रोलचा गेज चालत नाही.

इतर ठिकाणच्या वाचकांसाठी

जर्मनीत मे २०२४ पासून हेच इंधन एचव्हीओ १०० या नावाने पंपावर मिळू लागलं आहे, पंपावर ‘एक्सटीएल’ असं लेबल असतं. तिथे जुन्या मर्सिडीज बाळगणाऱ्या मराठी मंडळींना वरचं सगळं जसंच्या तसं लागू आहे.

महाराष्ट्रातल्या पंपांवर आर ९९ मिळत नाही. पण २४०डी मधलं ओएम ६१६ इंजिन आपल्या ओळखीचं आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ते परवाना घेऊन बनवलं आणि मॅटाडोर, ट्रॅक्स त्यावर धावल्या. ३००डी चं इंजिन म्हणजे त्याला एक सिलिंडर जास्त. त्यामुळे जुनी ट्रॅक्स सकाळी एअर धरत असेल तर रिटर्न पाइप, प्रायमर आणि सक्शनच्या नळ्या हाच क्रम घ्या. आणि कुणी ड्रममधून ‘बायोडिझेल’ विकत असेल तर ते हे इंधन नव्हे. भारतीय मानकाप्रमाणे पंपावरच्या डिझेलमध्ये बायोडिझेल ७ टक्क्यांपर्यंत चालतं. ड्रममधल्या मालात किती आणि काय आहे ते कोण सांगणार?

पंप द्यायचाच ठरला तर दुकानात तीन गोष्टी स्पष्ट सांगा: गाडी रिन्यूएबल डिझेलवर चालते, सगळी सीलं फ्लुओरो रबराची हवीत, आणि काढलेली जुनी सीलं मला परत द्या. ताहोसारख्या थंड भागात जाणं असेल तर तेही सांगा, म्हणजे ते फिल्टरची अवस्था बघतील. पंप परत बसवल्यावर टायमिंग तपासलं की नाही ते विचारून त्याची नोंद पावतीवर घ्या. पंप उतरवून बसवलेली आणि टायमिंग न बघता दिलेली गाडी आठवड्याभरात ‘इंधनाच्याच’ तक्रारीने परत येते.